पुराण, बायबल, साधना

शाळेच्या इतिहासात युरोपातली धर्मसुधारणेची चळवळ दीड-दोन पानांत उरकते. रोमच्या वतीने पापाच्या शिक्षेतून सवलत देणारी पत्रं विकली जाऊ लागली, मार्टिन ल्यूथर खवळला, ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी विटेनबर्गला त्याने आपले पंचाण्णव मुद्दे मांडले, छापखान्याने ते गावोगाव नेले, राजेरजवाड्यांना पोपचा जाच नकोच होता, आणि युरोप दुभंगला. यातलं काहीही खोटं नाही. मात्र पत्रांच्या विक्रीवरून भांडण पेटलं असेल, तर विक्री थांबल्यावर ते विझायला हवं होतं. १५६७ मध्ये पोप पायस पाचवा याने पैसे घेऊन सवलत देण्याची पद्धत मोडीत काढली. भांडण विझलं नाही; उलट त्यानंतर ऐंशी वर्षं युरोप त्याच्या नावाने रक्त सांडत होता.

म्हणजे मूळ दुखणं दुसरीकडे होतं. ते सिद्धांताचं होतं, आणि सिद्धांत हा शब्द ऐकला की आपण पान उलटतो. राजकारण कळतं, पैसा कळतो, पण माणूस देवापुढे निर्दोष कसा ठरतो या प्रश्नावरून लोक देशोधडीला लागले हे आपल्याला मनापासून पटत नाही. पुढची प्रकरणं या न पटण्याशी झगडण्यासाठी लिहिली आहेत.

ल्यूथर धर्माला कंटाळलेला माणूस नव्हता. तो ऑगस्टिनच्या पंथाचा संन्यासी होता. उपास, जागरणं, पापकबुली यांत तो कुणाला हार जात नसे. त्याची भीती निराळी होती. इतकं केलं, पण पुरेसं झालं हे कुणी ठरवायचं? कबुली देऊन उठावं तर वाटेतच विसरलेलं एखादं पाप आठवायचं. पौलाने रोमकरांना लिहिलेलं पत्र शिकवता शिकवता तो या निष्कर्षाला आला की पुरेसं कधीच होत नसतं आणि व्हायची गरजही नाही. ख्रिस्ताची निर्दोषता देव माणसाच्या खाती धरतो. माणसाने त्यावर भरवसा ठेवायचा. त्यानंतरही माणूस पापीच असतो, पण निर्दोष ठरवलेला पापी. सत्कर्मं मग आपसूक येतात. ती मुक्तीची किंमत म्हणून मोजायची नसतात. यातलं धाडस लक्षात घ्यायला हवं. व्रतं, यात्रा, दानधर्म, मठ, या सगळ्यांचा मोक्षाशी असलेला हिशेब त्याने एका फटक्यात तोडला.

याला रोमचं उत्तर ट्रेंटच्या परिषदेने दिलं, तेही घाईने नाही. परिषद १५४५ ते १५६३ अशी थांबत थांबत अठरा वर्षं चालली. निर्दोष ठरण्याविषयीचा ठराव १३ जानेवारी १५४७ रोजी मंजूर झाला. त्यात सोळा प्रकरणं आणि तेहतीस निषेध आहेत. लोक बहुधा निषेधच वाचतात, आणि रोमने कर्मकांडाची पाठराखण केली असं मानून मोकळे होतात. प्रकरणं वाचली तर चित्र पालटतं. माणूस स्वबळावर पहिलं पाऊलसुद्धा टाकू शकत नाही, सुरुवात देवाच्या कृपेनेच होते, हे ट्रेंटही निक्षून सांगतं. फरक त्याच्या पुढे आहे. ल्यूथरच्या मते देव बाहेरून निवाडा देतो. ट्रेंटच्या मते कृपा आत शिरते, माणसाला बदलते, आणि बदललेला माणूस त्या कृपेला साथ देऊ शकतो किंवा नाकारू शकतो. म्हणून त्याच्या करण्याला मोल उरतं. मला स्वतःला ट्रेंटचा हा मसुदा त्याच्या कीर्तीपेक्षा बराच चांगला वाटतो. ल्यूथरचा आवाज त्यात नाही, पण समितीने लिहिलेल्या कागदाकडून इतकी सूक्ष्मता क्वचितच मिळते.

बाकीचे वाद इथे नुसते सांगून पुढे जातो. प्रभुभोजनातल्या भाकरीत ख्रिस्त कसा असतो यावर १५२९ मध्ये मारबुर्गला ल्यूथर आणि झ्विंगली यांची बैठक झाली. पंधरापैकी चौदा कलमांवर एकमत झालं आणि पंधराव्यावर बोलणी फिसकटली. कॅल्व्हिनने १५३६ पासून पुन्हा पुन्हा वाढवलेल्या आपल्या ग्रंथात ईश्वरी निवडीचा विचार तर्काच्या टोकापर्यंत नेला आणि त्याच्या अनुयायांनी १६१८-१९ मध्ये डॉर्टच्या सभेत तो कलमबद्ध केला. यांना स्वतंत्र प्रकरणं आहेत.

दुसरा एक मुद्दा मात्र इथेच सोडवायला हवा, कारण मराठीशी त्याचा थेट संबंध येतो. सिद्धांताचा आधार कोणता? ल्यूथर म्हणाला, फक्त शास्त्र, म्हणजे बायबल. ट्रेंटने ८ एप्रिल १५४६ रोजी ठरवलं की लिखित शास्त्र आणि प्रेषितांपासून चालत आलेली परंपरा या दोन्हींचा सारखाच आदर करायचा. शिवाय १५६४ मध्ये रोमने निषिद्ध ग्रंथांची जी यादी काढली, तिच्या नियमांनुसार देशी भाषेतलं बायबल वाचायला धर्माधिकाऱ्याची लेखी परवानगी लागू लागली. कुणालाही हा युरोपच्या घरातला वाद वाटेल. पण मराठीत पहिला मोठा ख्रिस्ती ग्रंथ कोणत्या जातीचा व्हायचा हे या वादाने ठरवून टाकलं, असं माझं म्हणणं आहे.

इंग्लंडच्या विल्टशायर परगण्यातल्या बुश्टन गावी १५४९ च्या सुमारास थॉमस स्टीफन्स जन्मले. एलिझाबेथ राणीच्या राज्यात कॅथलिक राहणं दिवसेंदिवस जोखमीचं होत चाललं होतं. स्टीफन्स रोमला गेले, १५७५ मध्ये जेझुइट झाले, ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून जहाजात चढले आणि २४ ऑक्टोबरला गोव्यात उतरले. पुढली चाळीस वर्षं, १६१९ मध्ये मरेपर्यंत, ते तिथेच राहिले, त्यातली बरीचशी साष्टीत. सिद्धांताच्या भांडणाने देश सोडावा लागलेला हा माणूस, असं पाहिलं की त्यांच्या कामाचा रंग बदलतो. १५८३ च्या अखेरीस राल्फ फिच आणि त्याचे साथीदार हेर म्हणून गोव्याच्या तुरुंगात पडले, तेव्हा त्यांना जामिनावर सोडवण्यासाठी स्टीफन्स यांनीच खटपट केली. फिचच्या टोळीला इंग्लंडच्या राणीचा आश्रय होता, स्टीफन्स यांना तिच्याच राज्यात जागा नव्हती. गोव्यात हा हिशेब त्यांनी काढला नाही.

त्यांचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं. जवळजवळ अकरा हजार ओव्या, दोन भाग: पहिल्यात सृष्टीपासून जुना करार, दुसऱ्यात ख्रिस्ताचं चरित्र. नागरी खिळे पाडणं जमलं नाही म्हणून ते रोमन लिपीत छापावं लागलं. इथल्या अक्षरांत छापण्याची इच्छा त्यांनी १६०८ मध्ये आपल्या वरिष्ठांना पत्राने कळवली होती. जुनी पुराणं वाचायला बंदी झाली, मग आमच्या हाती दुसरं काय, अशी नव्या ख्रिस्ती लोकांची विचारणा ग्रंथातच येते. त्या बंदीमागे पोर्तुगीज सत्ता होती आणि १५६० पासून गोव्यात धर्मन्यायालयही होतं, हे ओव्यांच्या गोडव्यात विसरायचं कारण नाही. मराठीची थोरवी गाणारा त्यातला भाग सगळ्यांना पाठ असतो. तो मी मुद्दाम बाजूला ठेवतो, कारण त्या एका भागाच्या कौतुकात पुस्तक वाचायचं राहून जातं.

स्टीफन्स यांनी बायबलचं भाषांतर का केलं नाही? त्यांची मराठी तेवढी तयार नव्हती असं कुणी म्हणू धजणार नाही. ट्रेंटनंतरच्या कॅथलिक माणसाला ते पहिलं काम वाटतच नव्हतं, हे त्याचं सरळ उत्तर आहे. शास्त्र आणि परंपरा सारख्याच आदराची असतील, तर लोकांना दोन्हींची मिळून एक कथा द्यावी, आणि ती सांगणारा अधिकारी असावा. हे काम पुराण उत्तम करतं. पुराणात सांगणारा असतो, विचारणारा असतो, मूळ कथेच्या मागची-पुढची पिढीजात चालत आलेली भर असते. एकनाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, तेव्हा स्टीफन्स गोव्यात पाचव्या वर्षात होते; ओवी तेव्हा कानाकानांत होती. ट्रेंटचा सिद्धांत आणि मराठीचा ग्रंथप्रकार एकमेकांना इतके नेमके जुळले की त्यात ठरवून केलेलं किती आणि घडून आलेलं किती, हे सांगणं अवघड आहे.

आता घाटाकडे वळू. पोर्तुगिजांचा अंमल किनाऱ्यावर होता: गोवा, चौल, वसई. सह्याद्री चढून तो वर आला नाही. १६१६ मध्ये मावळ निजामशाहीत होतं. इंद्रायणीच्या काठी देहूला तुकाराम लहान मूल होते. घाटाखाली ट्रेंटचा ख्रिस्ती धर्म रुजत असताना घाटावरच्या गावांना त्याची गरजही नव्हती आणि खबरही. वर जे आलं ते दोनशे वर्षांनी, आणि ते दुसऱ्या पक्षाचं होतं.

गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. त्यांची घडण कॅल्व्हिनच्या परंपरेत झालेली. आल्या आल्या त्यांनी मराठी शिकायला घेतली आणि बायबलच्या भाषांतराला हात घातला. १८२६ मध्ये त्यांच्या मिशनचा मराठी नवा करार पूर्ण छापून निघाला. पुराण लिहावं असं त्यांच्यापैकी कुणाच्या मनात आलं असतं, तरी त्यांच्या सिद्धांतात ते बसलं नसतं. फक्त शास्त्र म्हटलं की शास्त्र लोकांच्या हातात पडणं ही पहिली पायरी होते. बाकी सगळं नंतर. बोरघाटातला गाडीरस्ता १८३० मध्ये खुला झाला आणि त्याच सुमारास स्कॉटिश मिशनरी पुण्यात काम करू लागले. अशा रीतीने मराठी मुलखाला धर्मसुधारणेचे दोन्ही पक्ष मिळाले, पण उलट्या क्रमाने: आधी ट्रेंटचं उत्तर, दोन शतकांनी ल्यूथरचा प्रश्न. मूळ भांडण कुणी सांगितलंच नाही, त्यामुळे वसईचा कॅथलिक ख्रिस्ती आणि नगरचा प्रोटेस्टंट ख्रिस्ती एकमेकांहून इतके वेगळे का, हे दोघांच्या शेजाऱ्यांना आजही नीट कळत नाही.

१८६३ मध्ये बोरघाटाची रेल्वे सुरू झाली आणि लोणावळा हे रेल्वेचं गाव झालं. इंग्रजी काळच्या गॅझेटियरात लोणावळ्याच्या नोंदीत लोकोमोटिव्हच्या कारखान्याबरोबर प्रोटेस्टंट आणि रोमन कॅथलिक अशी दोन्ही प्रार्थनास्थळं येतात. गोऱ्या आणि गोवेकर नोकरांच्या सोयीसाठी ती उभी राहिली असणार. सिद्धांताचा विचार करून कुणी विटा रचल्या नाहीत. तरी एकाच वाघिणीवर काम करणारी दोन माणसं रविवारी दोन दारांनी आत जात होती, ती १५४७ च्या त्या ठरावामुळेच.

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात केडगाव आहे. तिथल्या पंडिता रमाबाईंचं उदाहरण मी या पुस्तकात वारंवार घेतो, कारण सोळाव्या शतकाचे दोन्ही प्रश्न त्यांनी स्वतःच्या आयुष्यात, कुणी न शिकवता, नव्याने विचारले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण अँग्लिकन भगिनींनी मतांगीकारातली कलमं जशीच्या तशी मानायला सांगितली तेव्हा त्या अडून बसल्या. सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात त्यांची मागणी एकच: हे बायबलमध्ये कुठे आहे ते दाखवा. एका गुरूचा अधिकार झुगारून आले ते दुसऱ्याचा पत्करायला नव्हे, असा त्या पत्रांचा सूर आहे. पुढे १९०७ मध्ये लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या म्हणतात की बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षं आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळालेला नव्हता. स्वतःच्या प्रयत्नांनी तरण्याचा विचार सुटला तेव्हा तो मिळाला. हा विटेनबर्गचाच अनुभव आहे. शेवटी त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं. त्यांच्या पश्चात, १९२४ मध्ये, ते प्रकाशित झालं. ज्या संस्कृतपंडितेला लहानपणी पुराणं मुखोद्गत होती आणि पुराण सांगून जिने पोट भरलं, तिने ख्रिस्ती झाल्यावर पुराण रचलं नाही. स्टीफन्स आणि रमाबाई यांच्यात जे अंतर आहे ते प्रतिभेचं म्हणता येणार नाही. ट्रेंटने आणि विटेनबर्गने शास्त्राला दिलेल्या वेगवेगळ्या जागांचं ते अंतर आहे.

इथे तुकारामांना आणण्याचा मोह होतो. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेले नारायण वामन टिळक सांगत की आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो. इंद्रायणी लोणावळ्याजवळ उगम पावून मावळातूनच देहूकडे जाते, त्यामुळे मावळात बसून लिहिणाऱ्याला हा मोह अधिकच. अभंगांतली कृपा आणि ल्यूथरची कृपा एकच, असं पुष्कळांनी लिहून ठेवलं आहे. मला ते पटत नाही. ल्यूथरच्या विचाराच्या मुळाशी न्यायसभा आहे: आरोपी, न्यायाधीश, निवाडा. विठ्ठलापुढे तुकाराम भांडतात, रुसतात, हट्ट धरतात. पिंजऱ्यात उभे राहिल्यासारखे ते कुठे दिसत नाहीत. कृपेवाचून गती नाही एवढ्यावर दोघांचं जमतं, आणि तेवढं पुरे.

पुराण झालं, बायबल झालं. सोळाव्या शतकाने तिसऱ्या जातीचाही एक ग्रंथ दिला आणि त्याचा मावळाशी सर्वांत जवळचा संबंध आला. १५२१ च्या वसंतात ल्यूथर वर्म्सच्या राजसभेपुढे उभा होता. त्याच वर्षी २० मे रोजी पांप्लोनाच्या किल्ल्यावर तोफगोळ्याने इनिगो दे लोयोला या सरदाराचा पाय मोडला. बरा होताना तो पालटला, आणि पुढल्या वर्षी मान्रेसाला राहून त्याने टिपणं काढली. तीच ‘आध्यात्मिक साधना’. १५४८ मध्ये पोप पॉल तिसरा याने तिला मान्यता दिली. हे पुस्तक वाचण्यासाठी नाहीच, करण्यासाठी आहे: सुमारे तीस दिवस, चार टप्पे, एकांत, आणि बाजूला एक मार्गदर्शक. त्या मार्गदर्शकाला इनिगोची, म्हणजेच जेझुइटांच्या इग्नेशियसची, ताकीद आहे की मध्ये येऊ नको. निर्मात्याला त्याच्या निर्मितीशी थेट व्यवहार करू दे. इतकं थेटपण पाहून स्पेनच्या धर्माधिकाऱ्यांनी त्याला चौकशीसाठी डांबलं होतं यात नवल नाही. पण पुस्तकाच्या शेवटी चर्चबरोबर विचार करण्याचे नियम आहेत. मला पांढरं दिसतं ते चर्चने काळं ठरवलं तर काळं मानीन, हा त्यातला कुप्रसिद्ध नियम. त्याच्या पुढचे नियम कमी वाचले जातात: श्रद्धेविषयी असं बोलू नका की लोक सत्कर्मांत आळशी होतील, कृपेविषयी असं बोलू नका की माणसाचं स्वातंत्र्यच उरणार नाही. ल्यूथरचं नाव न घेता ल्यूथरशी चाललेला हा संवाद आहे. एकाच पुस्तकात देवाशी थेट गाठ आणि अधिकाराचा लगाम, दोन्ही. सोळाव्या शतकातला सगळा ताण या दोन टोकांमध्ये आहे.

मुंबईत १९३१ मध्ये जन्मलेले जेझुइट अँथनी डिमेलो ही साधना शिकवण्यात निष्णात मानले जात. १९७० च्या दशकात त्यांनी पुण्यात ‘साधना’ संस्था सुरू केली आणि पुढे ती लोणावळ्याला आणली. १९७८ मध्ये त्याच नावाचं त्यांचं पुस्तक आलं; त्यात श्वासाकडे लक्ष, देहाची जाणीव आणि मग प्रार्थना असा क्रम आहे. लोणावळ्यात याचं कुणाला नवल वाटायला नको. स्वामी कुवलयानंदांचं कैवल्यधाम तिथे १९२४ पासून श्वासाचाच अभ्यास करत आहे, आणि जवळच्या कार्ले-भाजे लेण्यांत भिक्षू दोन हजार वर्षांपूर्वी ध्यानाला बसत होते. डिमेलो १९८७ मध्ये न्यूयॉर्कला वारले. अकरा वर्षांनी, २४ जून १९९८ रोजी, रोमच्या श्रद्धा-सिद्धांत मंडळाने कार्डिनल रात्झिंगर यांच्या सहीने एक सूचनापत्र काढलं: सुरुवातीच्या पुस्तकांवर बौद्ध आणि ताओ विचारांचा प्रभाव असला तरी ती ख्रिस्ती साधनेच्या चौकटीत आहेत, पुढली मात्र चौकटीबाहेर जातात, आणि त्यांतली काही मतं कॅथलिक श्रद्धेशी विसंगत आहेत.

हे पत्र वाचून पुष्कळ जण संतापले, विशेषतः डिमेलोंच्या बोधकथांवर प्रेम करणारे. मला त्यात इग्नेशियसच्याच पुस्तकाची दोन टोकं समोरासमोर आलेली दिसतात. डिमेलोंनी थेटपणाचं टोक धरलं आणि शेवटपर्यंत ओढलं. रोमने त्याच पुस्तकाच्या अखेरच्या पानांवरून उत्तर दिलं. शब्दांत मावतो तो देव नव्हे, असं म्हणणारे ख्रिस्ती गूढवादी पूर्वीही होऊन गेले. पण येशू हा अनेक गुरूंपैकी एक, असं म्हटलं की ट्रेंट आणि विटेनबर्ग दोघंही एका बाजूला उभे राहतात, हे डिमेलोंच्या चाहत्यांनी लक्षात घ्यायला हवं. त्या मुद्द्यावर ट्रेंट आणि विटेनबर्ग यांच्यात कधी वाद नव्हताच.

पुस्तकाच्या मांडणीविषयी थोडं. प्रकरणं कालक्रमाने लावलेली नाहीत. प्रश्नाप्रश्नाने लावली आहेत. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्गला लुथरन महासंघ आणि रोम यांनी निर्दोष ठरण्याविषयी जे संयुक्त निवेदन केलं, त्याला शेवटी छोटं प्रकरण दिलं आहे. भांडण मिटलं असं त्याचं वर्णन वर्तमानपत्रांनी केलं. मी तितका आशावादी नाही, आणि कारणं तिथे दिली आहेत. ज्यांना युरोपचा इतिहास नवा आहे त्यांनी रमाबाईंच्या प्रकरणापासून सुरुवात करावी, तिथून ल्यूथरकडे मागे जावं. ‘क्रिस्तपुराण’ हाताशी नसलेल्यांनी शांताराम बंडेलू यांनी संपादित केलेली १९५६ ची नागरी आवृत्ती एखाद्या जुन्या वाचनालयात शोधावी आणि थेट दुसरा भाग काढावा. ट्रेंटचा ठराव एका बैठकीत वाचून होतो. फक्त तेहतीस निषेधांकडे उडी न मारता आधी सोळा प्रकरणं वाचावीत, आणि त्यातलं सातवं दोनदा.